थरथऱ्या घरात आला तेव्हा

मी एक जुनी पटाशी आहे, मित्रांनो. सुतार लाकडाला खाच पाडतो, कोपरे साफ करतो, दाराची बिजागरी बसवायला जागा कोरतो, ते माझ्याच धारेने. माझं पातं दोन बोटं रुंद आहे, मूठ चिंचेच्या लाकडाची आहे आणि स्वभाव, खरं सांगायचं तर, जळका आहे. लोखंडाला गंज लागतो हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. त्याला मत्सरही लागतो, हे कुणी शिकवत नाही. मला तो लागला तेव्हा माझं वय झालं होतं, आणि ज्याच्यामुळे लागला तो नुकताच खोक्यातून बाहेर आला होता.

पण आधी माझ्या चांगल्या दिवसांबद्दल सांगते.

माझा जन्म उरणच्या एका लोहाराकडे झाला. भंगारात काढलेल्या ट्रकच्या स्प्रिंगचा एक पाटा त्याने भट्टीत लाल केला, ठोकून ठोकून सपाट केला आणि पाण्यात बुडवला. तो चरचराट मला अजून आठवतो. माझे मालक गोटीराम तेव्हा ऐन तारुण्यात होते आणि तिथल्याच मोरा बंदराच्या धक्क्यावर कोळ्यांच्या होड्या दुरुस्त करत होते. त्यांनी मला उचललं, धारेवरून अंगठा आडवा फिरवला, मनगटावरचे चार केस सहज उडवून पाहिले आणि लोहाराला म्हणाले, "हीच दे. दुसरी नको दाखवू."

दुसरी नको! मित्रांनो, असं आपल्याबद्दल कुणी बोललं की त्यावर जन्म काढता येतो. मी काढला.

होड्यांचं काम सुटलं, कारण खाडीच्या अलीकडे नवं शहर उभं राहायला लागलं होतं. मालक आपल्या गावी, नेरूळला परत आले. भाताची खाचरं गेली होती आणि तिथे इमारती चढत होत्या. इमारतीला दारं लागतात, दाराला चौकटी लागतात आणि चौकटीला गोटीराम लागायचे. बिजागरीच्या खाचा पाडता पाडता माझं पातं झिजून आखूड झालं. मालकांनी बसवलेल्या दाराच्या फटीत कागद सरकत नसे. इंजिनिअर लोक मुद्दाम कागद घेऊन येत आणि हसत परत जात. मालक मला खांद्यावरच्या पंचाला पुसत आणि संध्याकाळी घरी आल्यावर यशोदाबाई, म्हणजे मालकांच्या पत्नी, मला पदराने पुसून खोबरेल तेलाचं बोट लावत. त्यांच्या घरात मला देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर जागा होती. दसऱ्याला पहिलं फूल मला मिळायचं, करवतीला नंतर.

मग गावातली कौलारू घरं पडली आणि त्यांच्या जागी चार मजल्यांची घरं आली. मालकांनीही घर बांधलं. त्या घराच्या न्हाणीघराला त्यांनी सागवानाचं दार केलं. न्हाणीघराला इतकं चांगलं लाकूड कुणी वापरत नाही, पण यशोदाबाईंनी हौसेने मागितलं होतं. ते दार आम्ही दोघांनी मिळून केलं आणि ते आमचं शेवटचं मोठं काम ठरलं. बाजारात तयार दारं यायला लागली. आणि मालकांचा उजवा हात थरथरायला लागला.

आधी फक्त चहाचा कप धरताना थरथरायचा. पुढे मला धरतानाही. एकदा मी सरकले आणि त्यांच्या डाव्या अंगठ्यात शिरले. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. जखमेला चिंधी बांधली आणि मला पिशवीत ठेवलं. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, गोळ्या घ्या. मालक त्या दिवसापासून चारचौघांत उजवा हात खिशात ठेवायला लागले.

ह्याच सुमारास घरात सून आली. उन्नती पनवेलजवळच्या करंजाड्याची. मालकांचा मुलगा मिथुन बंदराजवळच्या गोदामात कामाला होता. त्याला लाकडात रस नव्हता, पण उन्नतीला होता. ती वाशीला मोड्युलर किचनच्या दुकानात मापं घ्यायचं काम करायची. पुढे ती नोकरी सोडून तिने स्वतःचं काम सुरू केलं. कुणाच्या कपाटाचा खण अडकतोय, कुणाच्या सिंकखालचं प्लायवूड फुगलंय, असली कामं. सोसायटीतल्या बायका तिलाच बोलवायच्या, कारण घरात एकट्या असल्या तरी तिला आत घ्यायला त्यांना संकोच वाटत नसे.

मला वाटलं, आता मी ह्या मुलीच्या हातात जाणार. मी मनातल्या मनात तयारीही केली होती.

एके दिवशी ती मालकांना म्हणाली, "बाबा, पनवेलला येता का? एक मशीन घ्यायचीये. तुम्ही असलात की दुकानदार मला उगाच काहीतरी चिकटवणार नाही."

मालक निघाले, आणि सवयीने मला पिशवीत घेऊन निघाले. म्हणून माझी सवत कशी निवडली गेली, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

दुकानदार नंदकुमारशेठने काउंटरवर खोकी मांडली. मशीनचं नाव मल्टीटूल. जाड काकडीएवढं अंग आणि पुढे तोंडाशी एक छोटं सपाट पातं. नंदकुमारशेठ म्हणाले, "ताई, वायरवाली घ्या. ताकद जास्त, चार्जिंगची कटकट नाही."

"शेठ, मी लोकांच्या ओट्याखाली वाकून काम करते. तिथे वायर कुठे ओढत बसू? बॅटरीवालीच द्या. आणि माझ्या ड्रिलला जी बॅटरी लागते, तीच हिला चालली पाहिजे."

तिने एकेक मशीन हातात घेऊन चालू केली. एक तर इतकी हादरत होती की काउंटरवरचे स्क्रू उड्या मारायला लागले. "हिने माझ्या हाताला मुंग्या येतील," म्हणत तिने ती बाजूला सारली. दुसरीचं पातं बदलायला किल्ली लागत होती. ती किल्ली पहिल्याच आठवड्यात हरवणार, असं तिचं म्हणणं. तिसरीला पात्याशी नुसती एक खिट्टी होती. ती उचलली की पातं सुटायचं आणि दाबली की घट्ट. बाजूला वेग कमीजास्त करायचं चाक होतं. "ह्याच्यात दुसऱ्या कंपनीचीही पाती बसतात ना? नाहीतर एका पात्यासाठी अख्खं पनवेल पालथं घालावं लागेल." बसतात म्हटल्यावर तिने ती मशीन पुन्हा चालू केली आणि डोळे मिटून नुसती धरून राहिली. कुणी नव्या बाळाला धरावं तशी.

मालकांनी वाकून पात्याकडे पाहिलं. म्हणाले, "ह्याचं पातं फिरताना काय दिसत नाय."

"ते फिरतच नाही बाबा. इकडून तिकडे हलतं, अगदी एवढंसं. म्हणून तर ग्राइंडरसारखा झटका देत नाही."

"हलतंय कुठं? थरथरतंय नुसतं. ताप भरल्यासारकं." असं म्हणून मालक हसले आणि त्यांनी उजवा हात खिशात घातला. "थरथऱ्या हाय हा."

झालं. घरात सगळे त्याला थरथऱ्याच म्हणायला लागले. मला मात्र इतक्या वर्षांत कुणी नाव ठेवलं नव्हतं.

मित्रांनो, त्या परतीच्या वाटेवर मी पिशवीत आणि तो उन्नतीच्या मांडीवर. मी विचार करत होते. हा थरथरतो म्हणून ह्याला घरी नेत आहेत. माझ्या मालकांचा हात थरथरतो म्हणून मला पिशवीत ठेवलंय. हा कुठला न्याय?

त्याचं पहिलं मोठं काम सुमेधाताईंच्या फ्लॅटमध्ये निघालं. नेरूळलाच स्टेशनच्या बाजूला. जुन्या फरशीवर नव्या टाइल्स बसवायच्या होत्या. त्यासाठी सगळ्या चौकटींचे पाय टाइलच्या जाडीएवढे खालून कापायचे, म्हणजे टाइल चौकटीखाली नीट सरकते. उन्नती म्हणाली, "बाबा, चला ना. तुमचा अनुभव आहे." मालक आले, मीही पिशवीतून आले.

मालकांनी जागा पाहिली आणि म्हणाले, "दारं उतरवावी लागतील. करवत आडवी बसत नाय इथं. मग पटाशीनं हळूहळू. दिवस जाईल."

माझं पातं शिवशिवलं. दिवस जाऊ दे! मी तयार होते.

उन्नतीने नुसतं हूं म्हटलं. डोळ्यांवर चष्मा चढवला, तोंडाला मास्क बांधला. एक सुटी टाइल चौकटीशी जमिनीवर पालथी ठेवली, तिच्यावर थरथऱ्याचं पातं आडवं टेकवलं आणि कळ दाबली. मधमाशी डबीत कोंडल्यासारखा आवाज झाला. तिने जोर लावला नाही. नुसतं पातं डावीउजवीकडे हळूहळू डोलवत राहिली, मधेच बाहेर काढून भुसा पडू दिला, पुन्हा आत घातलं. बघता बघता चौकटीचा पाय कापला जाऊन तुकडा खाली पडला. कापलेली जागा अशी सपाट की मलाही खोट काढता येईना. आणि मी शोधली, मित्रांनो. फार शोधली.

"अगं बाई! दार न काढता?" सुमेधाताई म्हणाल्या. "काका, काय सफाई आहे हो तुमच्या सुनेच्या हातात!"

मालक हसले. त्यांचं ते हसणं मी ओळखते. लाकडात गाठ लागली की ते तसं हसतात.

पुढची चौकट स्वयंपाकघराची. त्या इमारतीच्या चौकटी मालकांनीच बसवल्या होत्या, आणि त्या वेळी मी त्यांच्या हातात होते. स्वयंपाकघराच्या चौकटीचा पाय हलत होता म्हणून त्यांनी त्यात तिरका एक दांडगा खिळा मारला होता. मला आठवत होता. त्यांनाही आठवत होता. उन्नती पातं टेकवत होती. मालक उलट्या बादलीवर बसून बघत होते. ते काही बोलले नाहीत.

आधी आवाज बदलला. मग करपल्याचा वास आला. उन्नतीने पातं बाहेर काढलं तर त्याचे दात गेले होते. टोक निळं पडलं होतं.

"काय झालं गं? बिघडली का मशीन?" सुमेधाताई धावत आल्या.

"नाही, नाही. पातं लाकडाचं होतं. आत खिळा लागला." उन्नतीचा चेहरा उतरला होता. तिने मालकांकडे पाहिलं. "बाबा, इथे खिळा होता का हो?"

"मना काय ठावं?" मालक म्हणाले.

त्या क्षणी मला जो आनंद झाला, तो सांगायला मला आज लाज वाटत नाही, कारण लाज वाटावी इतकी मी तेव्हा शुद्धीवर नव्हते. माझा मालक माझ्या बाजूने होता. तेवढंच मला कळत होतं.

आनंद फार टिकला नाही. उन्नतीने खोक्यातून दुसरं पातं काढलं. ते लाकूड आणि खिळा दोन्ही कापणारं होतं. चाक फिरवून वेग कमी केला आणि पुन्हा काम सुरू केलं. खिळा कापला गेला. चौकट कापली गेली. त्यानंतर कुठेही जुनं लाकूड दिसलं की ती आधी लोहचुंबक फिरवून बघायची. म्हणजे आम्ही गप्प बसून तिला शहाणीच केलं.

आता घरातलं सांगते. उन्नतीने देव्हाऱ्याखालची फळी आवरली, थरथऱ्याला फोमच्या गादीचं खोकं मिळालं आणि मी जिन्याखालच्या प्लास्टिकच्या बादलीत गेले. तिथे मोडक्या बिजागऱ्या आणि गंजलेल्या कड्या होत्या. हेही मी सोसलं असतं. पण एका संध्याकाळी उन्नती कामावरून आली आणि यशोदाबाईंनी थरथऱ्याला हातात घेऊन पदराने पुसलं. "दमला गो माझा थरथऱ्या," असंही म्हणाल्या.

तो पदर माझा होता. बादलीत पडल्या पडल्या मी त्याचं वाईट चिंतलं. त्याची बॅटरी फुटो, त्याची कळ अडको, त्याला पाऊस लागो. जेवढं म्हणून वाईट लोखंडाला सुचू शकतं, तेवढं सगळं.

मालकही जळत होते. रस्त्यात लोक विचारायचे, "काय गोटीराम, सून घरी हाय का? जरा काम व्हतं." आधी हे लोक त्यांनाच विचारायचे.

थंडीचे दिवस होते. एका सकाळी उन्नती थरथऱ्याची बॅटरी ओटीवरच्या प्लगला चार्जिंगला लावून गच्चीवर गेली. तिथे ती ड्रिलने पत्र्याची शेड बसवत होती. मालकांनी मला बादलीतून काढलं होतं. ते ओटीवर बसून निसण्यावर तेल टाकून मला धार लावायला बघत होते. हात थरथरत होता, त्यामुळे धार लागायच्या ऐवजी गोल होत होती. त्यांनी पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. मग मला खाली ठेवलं, उठले आणि चार्जरचा प्लग काढून टाकला. त्या जागी टेबलफॅनचा प्लग लावला. फॅन काही चालू केला नाही. अंगावर तर स्वेटर होता.

मी सगळं पाहिलं आणि खूश झाले.

दुपार झाली. उन्नती जेवायला खाली आली आणि ड्रिल गच्चीवरच राहिलं. यशोदाबाई न्हाणीघरात गेल्या होत्या. आतून धप्प असा आवाज आला. बादली घरंगळली. मग काहीच नाही.

"आई?" उन्नतीने हाक मारली. "आई, काय झालं?"

"पाय... पाय मोरला गो," आतून क्षीण आवाज आला. "डोक्याशी रगात हाय. मना उठता येत नाय."

उन्नती धावली. दार आत उघडणारं, आतून कडी लावलेली, आणि यशोदाबाई घसरून नेमक्या दाराला टेकून पडलेल्या. खिडकी म्हणजे वर हातभर जाळी. उन्नतीने दार ढकलून पाहिलं. सागवान होतं ते. हललंसुद्धा नाही. फटीतून पातं घालून कडी कापावी म्हणून तिने फट शोधली. फट नव्हती. कागद सरकणार नाही असं दार आम्हीच केलं होतं.

मालक मला घेऊन आले. दुसऱ्या हातात हातोडा. चेहरा पांढरा पडलेला. कडी आत कुठे आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी त्या जागी मला टेकवलं आणि घाव घातला. मी सरकले. पुन्हा घातला. थोडं लाकूड उडालं.

"आई गं! नको, नको!" आतून किंकाळी आली. यशोदाबाईंचं डोकं दाराला टेकलेलं होतं. आमचा प्रत्येक घाव थेट त्यांच्या डोक्यात जात होता.

मालकांचा हात जागीच थांबला. पण थरथरायचा थांबला नाही.

"बाबा, सरका," उन्नती म्हणाली. ती थरथऱ्याला घेऊन आली होती. बॅटरी चढवली, तर तिच्यावरचा एकच दिवा लुकलुकत होता. "मी सकाळपासून चार्जिंगला लावलीये! भरली कशी नाही?"

उत्तर ऐकायला उन्नती थांबलीच नव्हती. "कडी नक्की कुठे आहे? दाखवा."

मालकांनी बोट ठेवलं. उन्नतीने तिथे तळहाताहून थोडा मोठा चौकोन नखाने आखला आणि थरथऱ्याचं टोक सागवानात घुसवलं. "आई, फक्त आवाज होईल हं. धक्का नाही लागणार. माझ्याशी बोलत राहा."

"बोलतंय गो," यशोदाबाई म्हणाल्या.

धक्का लागत नव्हता, हे खरं होतं. ठोकाठोक नाही, झटका नाही. पातं नुसतं थरथरत आत जात होतं. उन्नती घाईत होती तरी जोर लावत नव्हती. जोर लावला की पातं तापतं आणि बॅटरी लवकर संपते, हे ती शिकली होती. वरची बाजू कापली गेली. डावी झाली. उजवी झाली. खालच्या बाजूला निम्म्यावर आवाज बारीक होत गेला आणि थरथऱ्या बंद पडला.

"आई, बोला! आई!"

आतून उत्तर आलं नाही.

मित्रांनो, तेव्हा मी जमिनीवर मालकांच्या पायाशी पडले होते आणि मला वाटलं, आता माझी पाळी. थोडंसंच लाकूड उरलंय. दोन घाव घातले तर तुकडा पडेल. मालकांनी मला उचललं. माझं सगळं आयुष्य त्या मुठीत परत आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे, मग त्या दाराकडे, ज्याला पलीकडून त्यांच्या बायकोचं डोकं टेकलं होतं.

आणि त्यांनी मला खाली ठेवलं.

"ड्रिल कुठं हाय तुजा?" त्यांनी विचारलं.

"गच्चीवर. पण बाबा, तुमचे गुडघे..."

ते जिन्यापर्यंत पोचले होते. ज्यांना एक मजला चढताना मधे बसावं लागायचं, ते चार मजले चढून गेले, ड्रिलची बॅटरी काढून घेऊन आले आणि दम खात, थरथरत्या हातानेच ती थरथऱ्याला लावायला बघू लागले. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा खट्‌कन बसली. इकडे तोवर उन्नती दाराला तोंड लावून सतत हाका मारत होती.

खालची बाजू कापली गेली. तुकडा उन्नतीने नखांनी बाहेर ओढला, भोकातून हात घातला आणि कडी सरकवली. मग दार न ढकलता आधी तिने आतला खांदा चाचपला. "आई, मी आहे. थोडं सरकवते हं." दार बोटाबोटाने आत गेलं. उन्नती बारीक होती. अंग चोरून ती आत शिरली.

यशोदाबाई शुद्धीत नव्हत्या, पण श्वास चालू होता. शेजारचे धावून आले, रिक्षा आली, हॉस्पिटल झालं. कपाळाला टाके पडले, घोट्याचं हाड मोडलं होतं म्हणून प्लास्टर बसलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, रक्त बरंच गेलंय. हे सगळं मला नंतर घरातल्या बोलण्यातून कळलं. मी त्या वेळी न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडून होते आणि थरथऱ्या माझ्या शेजारी. त्याच्या पात्यावर सागाचा भुसा होता, माझ्या पात्यावर काही नव्हतं. मी जळत होते. अशा वेळीसुद्धा, मित्रांनो. मत्सराला वेळकाळ कळत नाही.

यशोदाबाई घरी आल्या, तेव्हा खुर्चीवर बसून त्यांनी ते भोक पाहिलं आणि मालकांना म्हणाल्या, "येवरा चांगला दरवाजा कशाला केलास रे? जरा वाईट केला असतास तर लवकर निंगाली असती मी."

मालक हसायला गेले आणि त्यांना रडू आलं.

दोन दिवसांनी उन्नतीने दाराच्या दुरुस्तीला हात घातला. त्या भोकात नव्या सागवानाचा तुकडा बसवायचा होता. ती भोकाच्या कडा मोजत होती. मालक बाजूला उभे होते. एकाएकी ते म्हणाले, "चार्जरचा प्लग मी काढला व्हता."

उन्नती मोजत राहिली. "माहीत आहे बाबा. घरी परत आले तेव्हा बघितलं. थंडीत फॅन कोण लावतं?"

"तो खिळा पन मना ठावा व्हता."

"तेही कळलं होतं. मी तुमच्या चेहऱ्याकडेच बघत होते."

"मग बोलली का नाय?"

आता तिने टेप खाली ठेवला. "काय बोलू? तुमचा हात मला दिसत नाही का? तुम्ही खिशात घातला तरी दिसतो. मला राग आला होता, खूप आला होता. आई गेल्या असत्या तर मी तुमच्याशी आयुष्यभर बोलले नसते. पण तुम्ही चार मजले चढलात." तिने भोकाच्या कडेवरचा भुसा झटकला. "ह्यापुढे काही वाटलं तर तोंडाने सांगा बाबा. प्लग नका काढू."

मालकांनी खिशातला हात बाहेर काढला आणि तिच्यासमोर धरला. हात थरथरत होता. त्यांनी तो झाकला नाही.

उन्नतीने थरथऱ्या उचलून त्यांच्या हातात दिला. "दोन्ही हातांनी धरा. नव्या तुकड्याला मी पट्टी बांधून दिलीये. पातं पट्टीला टेकवून ठेवा, बाकी तो करेल. दाबू नका, डोलवा नुसतं."

मालकांनी कळ दाबली. थरथऱ्या थरथरायला लागला, आणि त्या थरथरीत मालकांच्या हाताची थरथर कुठल्या कुठे नाहीशी झाली. बघणाऱ्याला कळेना, कोण थरथरतंय. पातं पट्टीच्या कडेने सरळ गेलं. लाकूड कापलं गेलं. मालकांनी कितीतरी वर्षांनी सागाचा ताजा वास छातीभर घेतला आणि लहान मुलासारखे हसले. "आरं, हा तर ऐकतंय माजं!"

मला वाटलं, मी इथेच गंजून जावं.

तेवढ्यात उन्नतीने मला उचललं. दारातल्या भोकाचे कोपरे थरथऱ्याला नीट साधले नव्हते. घाईत पातं पुढे गेलं होतं, कुठे गोलाई राहिली होती. ते कोपरे काटकोनात साफ करायला पटाशीच लागते. तिने माझी धार बघून तोंड वाकडं केलं, मला निसण्यावर घासलं, अगदी चकचकीत होईपर्यंत. मालकांनी बाजूने सांगितलं, "मूठ अशी धर. अंगठा पुरं, पात्याकडं. हातोडा नको, हातानंच ढकल." तिची पकड मालकांसारखी नाही. जरा घट्टच आहे, श्वास कोंडतो. पण मी कापलं, मित्रांनो. चारही कोपरे कापले. तुकडा भोकात बसला.

आता मी उन्नतीच्या पिशवीत असते आणि महिन्यातून दोनदा तरी माझी धार निघते. मालकही तिच्याबरोबर कामाला जातात. बसल्या जागी कापायचं काम असलं की ते थरथऱ्याला घेतात. मला काम मिळालं, मान मिळाला, तेलही मिळतं. पण माझे मालक त्याला मिळाले. तो त्यांच्या दोन्ही हातांत असतो आणि मी समोरून बघते. अजून जळते. पूर्वीइतकी नाही, एवढंच.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे एकच मागणं आहे. घरात एखादं जुनं अवजार असेल तर ते बादलीत टाकू नका. पुसा, तेल लावा, धार लावा, आणि ज्या हाताने ते वर्षानुवर्षं चालवलं, त्या हातालाही काहीतरी काम द्या. नवं अवजार जरूर आणा. ते नीट पारखून घ्या, त्याला समजून चालवा. फक्त जुन्याच्या समोर त्याला पदराने पुसू नका. आम्हाला दिसतं ते.